अंगठा लागलेला माल

मला एका जागी बसता येत नाही, हे बदलापुरातल्या आमच्या सगळ्या हेंद्रेपाड्याला ठाऊक आहे. भाजी निवडताना मी तीनदा उठते. बँकेत रांगेत असले की टोकन बोटांत फिरवत राहते. कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तर त्यांच्या सोफ्याच्या कव्हरचे धागे ओढून ठेवते आणि घरी आल्यावर लाजते. नवरा गेल्यावर मी आईकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आई म्हणाली, "बस की गं जरा. बघून बघून माझेच पाय दुखायला लागले."

पण या चुळबुळ्या हातांनीच मला अठरा वर्षं पोसलं. उल्हासनगरात मोबाईलच्या बॅटऱ्या तयार होतात तिथे मी कामाला आहे. कारखाना म्हणतात त्याला, पण आहे तो दुकानावरचा एक लांबडा माळा. फोनबरोबर आलेली बॅटरी मेली की लोक कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तातली दुसरी घेतात ना, ती आमची. सेल बाहेरून येतात. आम्ही सात बायका त्यांना पट्टी वेल्ड करतो, सर्किट लावतो, पिवळी टेप गुंडाळतो आणि वरून स्टिकर. मग चार्ज करून दोन दिवस मांडणीवर ठेवायच्या. ज्या सेलमध्ये खोट असते तो या दोन दिवसांत पोट काढतो. केसभर फुगतो, जास्त नाही. डोळ्याला दिसत नाही, मीटरवर आकडा बरोबर येतो. माझ्या उजव्या अंगठ्याला मात्र बरोबर कळायचं.

कसं कळायचं ते मला कधी सांगता आलं नाही. पाठीवरून अंगठा फिरवला की चांगली बॅटरी गप्प बसायची, खराब असली की मधोमध काहीतरी बोलायची. पहिल्या वर्षी मी बाजूला काढलेल्या बॅटऱ्या आमच्या सिंधी सेठनी गंमत म्हणून महिनाभर ठेवून दिल्या. महिन्याने त्या सगळ्या पुऱ्यांसारख्या टम्म झाल्या. तेव्हापासून आमच्याकडे पेटी बाहेर जाण्याआधी एकच प्रश्न असतो: अंगठा लागला का? लागला असला की मी पेटीवर हिरव्या पेनने टिंब देते. जाडी मोजायचं गेज सेठनी मागे आणलं होतं. ते खणात पडलंय, कारण एक बॅटरी गेजमध्ये धरेपर्यंत माझ्या दहा होतात.

आणि लक्ष्मीपूजनाला सेठ वेल्डिंगच्या मशीनला कुंकू लावतात, मीटरला लावतात, मग मला पुढे बोलावून माझ्या अंगठ्याला लावतात. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसतात. मीही हसते. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी अंगठा धूत नाही. दहावी नापास बाईच्या अंगठ्याची पूजा होते, हे सुख मी दरवर्षी पुरवून पुरवून वापरलं.

गेल्या जूनमध्ये तो अंगठा मेला.

आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग एक दिवस चहाचा कप हातातून सुटला आणि सुटल्याचं मला आवाजावरून कळलं. कात्रपच्या डॉक्टरने मनगटावर टिचक्या मारल्या, टाचणी टोचली, आणि म्हणाला, नस दबलीय, बारीक काम बंद करा, नाहीतर ऑपरेशन. पट्टा दिला मनगटाला. तो पट्टा मी पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. डाव्या अंगठ्याने करून बघितलं. पण डावा जन्मात कधी कामाला लागलेला नव्हता, त्याला काही म्हणजे काही कळेना.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. अठरा वर्षांत मी दुसरं काही शिकले नव्हते आणि वेल्डिंगला लागते तेवढी बारीक नजर आता राहिली नव्हती. अंगठा गेला तर सेठ मला कशाला ठेवतील, या एका भीतीने मी तोंड शिवून घेतलं.

खणातलं गेज काढलं असतं तर लगेच प्रश्न आला असता, म्हणून मी दुसरा मार्ग काढला. फोन दुरुस्त करणारे काय करतात, तुम्ही पाहिलं असेल. बॅटरी काचेच्या काउंटरवर आडवी ठेवतात आणि टोकाला टिचकी मारतात. सपाट असली तर घासत थांबते. पोट आलं असेल तर त्या पोटावर भोवऱ्यासारखी गरगर फिरते. बायका जेवायला गच्चीवर गेल्या की मी सेठच्या केबिनमधल्या काचेच्या टेबलावर पेटी उपडी करायची आणि भराभर टिचक्या मारायची. एकदा सेठनी पाहिलं. रागावले नाहीत, पण कपाळाला आठी पडली. "दीदी, हमारे यहां बॅटरी नहीं घूमेगी. कोई ग्राहक देख लेगा तो सोचेगा, इनको अपने ही माल पे भरोसा नहीं." मी म्हटलं, सहज, चाळा म्हणून. माझे चाळे माहीत असल्याने ते हसून निघून गेले.

त्यानंतर केबिन बंद असायची. काही पेट्या मी न्हाणीच्या लादीवर बसून तपासल्या. बाकीच्यांवरून नुसता अंगठा फिरवला, कपाळाला थोड्या आठ्या पाडल्या, एखाददुसरी उगाच बाजूला काढली आणि हिरवं टिंब दिलं. नाटक छान वठलं. या दिवाळीत सेठनी अंगठ्याला कुंकू लावलं ते मला दिसलं, जाणवलं नाही.

दिवाळीनंतर प्रदर्शन आलं. उल्हासनगरातल्याच एका लग्नाच्या हॉलमध्ये मोबाईलच्या सुट्या मालाचे तीन दिवस. कव्हरवाले, चार्जरवाले, स्क्रीनवाले, आणि कोपऱ्यात आम्ही बॅटरीवाले. वधूवरांच्या लाल मखमली खुर्च्या स्टेजवरून हलवायला कुणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे दमलेले व्यापारी त्यांच्यावर जोडीजोडीने बसून वडापाव खात होते. शेजारचा स्टॉल दुरुस्तीच्या हत्यारांचा. तिथला माणूस गिऱ्हाइकांना नादी लावायला दिवसभर काचेवर जुन्या बॅटऱ्या फिरवत होता. सर्रर्र, सर्रर्र. माझ्या डोक्यात तो आवाज भोकं पाडत होता.

सेठनी मला स्टॉलवर आणलं होतं ते अंगठा दाखवायला. आणि त्यामागे एक गोष्ट होती. अंबरनाथ एमआयडीसीत त्यांनी एक शेड घेतली होती. तिथे नवीन टेबलं लागणार होती, नवीन बायका येणार होत्या, आणि त्यांच्यावर इनचार्ज हवी होती. देशावरचे एक मोठे घाऊक व्यापारी तिसऱ्या दिवशी येणार होते. "वो माल उठा ले, तो शेड आपकी, दीदी," सेठ म्हणाले होते. मला शेडचं नुसतं नाव ऐकून जीव भांड्यात पडल्यासारखं झालं होतं. इनचार्ज कशाला बॅटरी चाचपते? ती वही घेऊन फिरते. आणि फिरायला मला कुणी शिकवायला नको. फक्त तीन दिवस निभवायचे, मग माझ्या अंगठ्याला जगात कुणी काही विचारणार नव्हतं.

ते तीन दिवस मी बसलेच नाही. स्टॉलपासून स्टेजपर्यंत, स्टेजपासून पाण्याच्या पिंपापर्यंत, तिथून परत. पाणी प्यायचे, परत प्यायचे. शोकेसमधल्या बॅटऱ्या काढून पुसायच्या, होत्या तशा मांडायच्या, मग रांग वाकडी वाटून पुन्हा काढायच्या. "बैठो ना दीदी," सेठ म्हणत. बसले की गुडघा हलायचा. सेठ मात्र खुशीत होते. त्यांच्याकडे दोन फोन असत. एक मोठा, कामाचा. दुसरा बटणांचा, जुना, आमच्या बॅटरीवर चालणारा. तो शर्टाच्या खिशातून काढून ते प्रत्येकापुढे धरत. "मैं खुद यही चलाता हूं, साईं. दिवाली पे दीदीने अपने हाथ से डाली है." त्या वाक्याला मी दर वेळी पाण्याच्या पिंपाकडे जात होते.

घरी वेगळी कटकट. संध्याकाळी पोचले की आई तिचा फोन पुढे करायची. तिचाही बटणांचाच. गणपतीत मी आमच्या लॉटमधली बॅटरी तिला घालून दिली होती. "याचं झाकण बसत नाही गं. बघ की." मी म्हणायचे, पाडलास असशील. तिने त्याला रबर लावलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, तापतोय. मी म्हटलं, तू तासतासभर मावशीशी बोलतेस, तापणार नाही तर काय. आई फोन पोलक्यात ठेवते, रुमालात गुंडाळून. म्हणजे कुठे विसरत नाही. मी हे लिहिताना मलाच माझी चीड येते. मी बॅटरीवाली बाई, आणि झाकण बसत नाही म्हटल्यावर मला काही सुचलं नाही. सुचलं नाही की सुचू दिलं नाही, ते देव जाणे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते व्यापारी आले. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, पायांत जाड वहाणा. म्हातारे, पण ताठ. सेठनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि लगेच माझ्यावर आले. "ये हमारी दीदी. इनका अंगूठा मशीन है, मशीन. इनका हाथ लगे बगैर एक पीस बाहर नहीं जाता."

व्यापाऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत तीन बॅटऱ्या होत्या. तिघींवर आमचाच स्टिकर.

"बाई, ह्या तुमच्याच हायत. माझ्या दुकानातनं काढल्यात," ते म्हणाले. "त्यातली एक बिघडल्याली हाय. हात लावून सांगा बघू कुठली."

आजूबाजूचे चारदोन लोक सरकून जवळ आले. कव्हरवाला आला, हत्यारवाला टिचक्या थांबवून बघायला लागला. काच समोरच होती. एक टिचकी मारली असती तर काम झालं असतं. पण सेठचा हात काचेवर पसरलेला होता आणि चेहरा असा काही अभिमानाने फुलला होता की माझी छाती झाली नाही.

व्यापाऱ्यांनी एकेक बॅटरी काचेवर मांडली. पहिली टक् करून ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी ठेवताना त्यांचा हात हळू झाला. तान्ह्या पोराला खाली ठेवतात तशी ती ठेवली, बाकी दोघींपासून थोडी दूर, आणि बोटं पँटला पुसली. त्यांच्या ते ध्यानातसुद्धा नसेल. माझ्या डोळ्यांनी ते टिपलं.

मी पहिलीवरून अंगठा फिरवला. काही नाही. दुसरीवरून फिरवला. काही नाही. तिसरीवरूनही काहीच नाही, लाकडावर लाकूड घासावं तसं. मी डोळे मिटले, थोडा वेळ घेतला, ओठ दुमडले. मग तिसरी उचलून त्यांच्या हातात दिली.

"ही," मी म्हटलं.

व्यापारी खदखदून हसले. "मानलं बाई! मी पैजंवर आल्तो, ही सेठलोकं थापा मारत्यात म्हणून." टाळ्या पडल्या. खरंच टाळ्या. कव्हरवाल्याने माझा अंगठा बघायला मागितला. सेठच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही लपवणारे नव्हेत. बोलणं अर्ध्या तासात झालं. तयार असलेला सगळा साठा, म्हणजे गेल्या चार महिन्यांच्या माझ्या हिरव्या टिंबांच्या पेट्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला टेम्पोत चढणार. आणि सेठनी तिथेच, सगळ्यांसमोर, खिशातून अंबरनाथच्या शेडची चावी काढून माझ्या हातात ठेवली.

"अब तो बैठोगी, दीदी?"

मी मूठ मिटली. चावीचे दात बोटांना लागायला हवे होते. लागले नाहीत.

आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू. स्टेशनपर्यंत मी पायीच गेले, झपाझप, आणि मनात शेडमधली टेबलं मांडत गेले. खिडकीकडे वेल्डिंग, आत मांडण्या, दाराशी माझी खुर्ची. पण बदलापूर येईपर्यंत टेबलं पुसली गेली आणि नुसत्या पेट्या उरल्या. मी एकेक पेटी आठवायला लागले. ही लादीवर तपासली. ही नाही. ही नाही. ही पण नाही. व्यापाऱ्यांच्या रुमालातली तिसरी बॅटरी कुठल्या महिन्यातली होती, हे मी विचारलं नव्हतं. मला ऐकायचंच नव्हतं.

घरी आले तेव्हा साडेसात वाजले होते. आई मालिका बघत होती. मी चावी टीव्हीशेजारी ठेवली आणि सांगितलं, मी इनचार्ज झाले. आईने बोटं मोडून माझी दृष्ट काढली. मग पोलक्यातून फोन काढला आणि म्हणाली, "साहेबीणबाई, आता तरी माझं झाकण बसवा."

रबर निघालं तसं झाकण आपोआप वर उचललं.

मी बॅटरी काढली. अंगठा फिरवला, सवयीने. तो गप्प. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्यावरचं पीठ पुसलं, काळ्या ग्रॅनाइटवर बॅटरी आडवी ठेवली. हात मागे घेतला. परत पुढे नेला. आई दारात उभी राहून विचारत होती, काय झालं, काय झालं. मी टिचकी मारली.

फिरली. नुसती फिरली नाही, फिरतच राहिली. माझ्या हाताची, माझ्या टिंबाची, माझ्या आईच्या छातीशी अडीच महिने ठेवलेली. मग मला रडू कोसळलं आणि रडता रडताच मी ती गॅलरीतल्या झाड नसलेल्या कुंडीत वाळूखाली पुरली, फुटली तर आग पसरायला नको. आई घाबरली. तिला वाटलं, मला शॉक बसला.

मी सेठना फोन लावला.

"बोलो इनचार्ज," ते म्हणाले. मागे घरात कसलीतरी गडबड होती, हसणं होतं.

"सेठ, उद्याचा टेम्पो थांबवा."

"क्यूं?"

"माझा अंगठा गेलाय. जूनपासून. काही कळत नाही मला. बहुतेक पेट्यांना मी नुसतं टिंब दिलंय."

ते हसले. चाळा समजले असतील. "दीदी, आज पूरे हॉल के सामने..."

"मी त्यांच्या हाताकडे बघितलं. तिसरी ठेवताना त्यांचा हात कचरला, म्हणून ती उचलली. बाकी काही नव्हतं त्यात." मी थांबले नाही, थांबले असते तर पुढचं आलं नसतं. "आईच्या फोनची बॅटरी आत्ता ओट्यावर फिरवून बघितली. फिरली. तुमच्या खिशातली पण माझ्याच हातची आहे, सेठ. दिवाळीची. ती काढा."

फोन कानाला लावूनच मी ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. मग झाकण सरकवल्याचा आवाज आला. कुणीतरी खुर्ची ओढली. काचेवर काहीतरी ठेवलं.

आणि मग आला तो आवाज. तीन दिवस डोक्यात भोकं पाडणारा. सर्रर्र.

तो थांबला तेव्हा सेठ बोलले. आवाज अगदी साधा होता, रागाचा नव्हता, आणि त्यानेच मला जास्त लागलं.

"टेम्पो नहीं जाएगा," ते म्हणाले. "सुबह सबको जल्दी बुला लेना. एक एक पीस घुमाना है." मग म्हणाले, "और चाबी लेती आना, दीदी."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि आईशेजारी सोफ्यावर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "आज तुझा गुडघा हलत नाहीये."